किशोरांच्या मनावरचा भार : खासगी दुखणे नव्हे, सार्वजनिक प्रश्न

(नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर खासगी शिकवणी वर्गांचे मोठमोठे फलक झळकू लागतात. त्यांवर हसऱ्या मुलांची छायाचित्रे असतात आणि प्रत्येकाखाली गुणांचा आकडा असतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने अशा फलकापुढे उभे राहून, त्यावर ज्यांची छायाचित्रे नाहीत त्यांचा हिशेब मांडावयास हवा.

हिशेब अवघड नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी देशभरातून सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर आणि त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतील जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे चोवीस लाख मुलांपैकी प्रत्येकाने रात्रीचा दिवस केला असता, तरीही सुमारे तेवीस लाखांच्या पदरी नकारच पडणार होता. हा नकार जागांच्या टंचाईतून जन्मास येतो. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कानी तो 'तू कमी पडलास' या शब्दांत येतो. समाजाने निर्माण केलेली टंचाई अशा रीतीने एका कोवळ्या मनाच्या खात्यावर वैयक्तिक अपयश म्हणून जमा होते. त्याच वर्षी पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. स्पर्धा अवघड होती एवढेच नव्हे, ती सर्वत्र निखळही नव्हती.

या भाराची किंमत काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ आणि २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. दोन्ही वर्षी राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता : आकडे अनुक्रमे १,८३४ आणि १,७६४. या सर्वांच्या मुळाशी परीक्षाच होती, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. घरातील कलह, आजार, कर्ज, अपमान, प्रेमातील निराशा अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. आणि मृत्यूंचा आकडा हे दुखण्याचे केवळ टोक होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. साठ मुलांच्या वर्गात सरासरीने चार मुले. त्यांपैकी किती जणांची नावे वर्गशिक्षकाला ठाऊक असतात?

नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तर या प्रश्नाला शेतीचा आणि मजुरीचा संदर्भ आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठविली. लासलगाव, चांदवड, येवला या पट्ट्यातील शेतकऱ्यांचे भाव कोसळले ते नेमके याच महिन्यांत. बारावीची परीक्षा याच काळात झाली आणि 'नीट'ची परीक्षा बंदी उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. ज्या घरात शिकवणीचे शुल्क कांद्याच्या पट्टीवर अवलंबून असते, त्या घरातील मुलगी नुसते जीवशास्त्र वाचत नसते. बापाच्या चेहऱ्यावरची चिंताही वाचत असते. सातपूर-अंबडच्या वसाहतीत कंत्राटी कामावर असलेल्या कामगाराचा मुलगा परीक्षेत एक गुण गमावतो, तेव्हा त्याला वाटते की घराच्या सुटकेचा एकमेव मार्ग बंद झाला. सुरगाणा-पेठची आश्रमशाळेतील मुले तर आईबापांपासून दूरच राहतात. आईबाप द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरलेले असतात. रात्री पोटात गोळा आला तर त्या मुलाने सांगावे कोणाला?

अशा वेळी दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर बाजाराचे. ते म्हणते, ताण हा ज्याच्या त्याच्या मनाचा दोष आहे; प्राणायाम करा, सकारात्मक विचार करा, आमच्या शिबिराचे शुल्क भरा. दुसरे उत्तर डाव्या विचारांच्या मंडळींत प्रचलित आहे. ते म्हणते, विषमतेची व्यवस्था बदलली की मनेही आपोआप निरोगी होतील. तोवर समुपदेशन म्हणजे जखमेवरचे मलम. पहिले उत्तर अप्रामाणिक आहे, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. परंतु दुसरेही अपुरे आहे. व्यवस्था बदलेपर्यंत आजची सोळा वर्षांची मुलगी थांबू शकत नाही. कामाचे तास आठ व्हावेत म्हणून लढणाऱ्या कामगार संघटनांनी जखमी कामगाराला दवाखान्यात नेण्याचे काम क्रांतीनंतरसाठी राखून ठेवले नव्हते.

शिवाय ताण हाताळणे ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे, हे आता अनुभवाने सिद्ध होत आहे. ताण मुळात शत्रू नव्हे. संकट दिसताच हृदयाचे ठोके वाढतात, शरीर सज्ज होते. ही सज्जता उपयोगाचीच आहे. ती महिनोन्‌महिने उतरत नाही, तेव्हा झोप, भूक, स्मरण आणि एकाग्रता यांचा ऱ्हास सुरू होतो. किशोरवयात आठ ते दहा तास झोपेची गरज असते; ती तोडून केलेला अभ्यास स्मरणात टिकत नाही.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातून उभ्या केलेल्या कामाची येथे आठवण करून देणे उचित होईल. त्यांच्या गटाने दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतून २५० विद्यार्थ्यांवर एक साधी पद्धत तपासली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मुलांना तीन पायऱ्या शिकविल्या : अडचण नेमकी कोणती ते ठरवावयाचे, तिच्यावरचे शक्य तेवढे पर्याय मांडावयाचे आणि त्यांतील एक निवडून प्रत्यक्ष करून पाहावयाचा. 'माझे सगळेच संपले' या वाक्याचे 'गणिताच्या दोन प्रकरणांत मी मागे आहे आणि घरी अभ्यासाला जागा नाही' असे रूपांतर झाले की अर्धी लढाई जिंकली जाते. नुसती पुस्तिका हाती दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांनी स्वतः नोंदविलेल्या अडचणींचा जाच अधिक कमी झाला. विकाराच्या लक्षणांत मात्र तेवढा स्पष्ट फरक लगेच दिसला नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शाळांमधील प्रयोग याहून बोलका आहे. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे केवळ याच कामासाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमला होता, तेथे शाळेतील वातावरण सुधारले, मुलांमधील दादागिरी आणि उदासी घटली. तेच काम शिक्षकांच्या माथी मारले तेथे फारसे काही घडले नाही. उलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना शिक्षकांकरवी सरसकट ध्यानाचे धडे दिले गेले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्यांचा अधिक लाभ झाला नाही, असे २०२२ मध्ये दिसून आले.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. वर्षातून एकदा सभागृहात भरविलेल्या तणावमुक्तीच्या व्याख्यानाने हे काम होत नाही. त्यासाठी शाळेत रोज भेटणारा, ऐकून घेणारा माणूस लागतो.

समाजवादी चळवळीला हे नवे वाटू नये. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकविले आणि छात्रालयाची जबाबदारीही सांभाळली. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढणारा हा शिक्षक मुलांना सदैव उपलब्ध असे. पुढे १९३३ साली याच नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आणि ११ जून १९५० रोजी याच गुरुजींनी स्वतःची जीवनयात्रा संपविली. हे सत्य चळवळ बहुधा हळू आवाजात सांगते. ते स्वच्छ सांगावयास हवे. कारण त्यातून दोन गोष्टी कळतात. मन खचणे हे भ्याडपणाचे वा विचारनिष्ठा कमी पडल्याचे लक्षण नव्हे. आणि माणसाभोवती प्रेम करणारे असंख्य लोक असले, तरी त्याच्या मनातील काळोखाविषयी विचारणारा कोणी असेलच असे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रथम विचारावयास शिकले पाहिजे. मूल अबोल झाले, झोप-जेवण बिघडले, आवडीच्या गोष्टी सोडल्या, मरणाची भाषा करू लागले, तर उपदेश न करता शांतपणे ऐकावे. जीव देण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट मुलाला मोकळे होण्यास वाट मिळते. अशा मुलाला एकटे सोडू नये, जिल्हा रुग्णालयात किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. भगताच्या किंवा ग्रहशांतीच्या मागे लागून महिने घालवू नयेत.

दुसरे काम सार्वजनिक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरविला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी, असे निर्देश दिले. कागदावरचा हक्क रेटा लावल्यावाचून जमिनीवर उतरत नाही, हे रोजगार हमीच्या लढ्याने महाराष्ट्राला शिकविले आहे. व्यवस्थेत केलेला लहानसा बदलही मनावरचे ओझे उतरवू शकतो, याचा दाखलाही जवळच आहे : २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा लगोलग घेतली जाऊ लागली आणि हजारो मुलांचे वर्ष वाचले.

तेव्हा प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग यांची यादी करावी. कोठे समुपदेशक आहे, कोठे केवळ नावापुरता आहे, कोठे मुळीच नाही, हे प्रत्यक्ष जाऊन नोंदवावे आणि ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. आरंभ आश्रमशाळांपासून करावा; तेथील मुलांच्या वतीने बोलणारे सर्वांत थोडे आहेत. आणि हे काम पुढील परीक्षांच्या आत व्हावे, निकालांनंतर नव्हे.