पान्हा कुठून सुटतो?

औराद, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात ज्यांच्या दावणीला देवणी आहे, त्यांना माहीतच आहे की वासरू सोडल्याशिवाय ही गाय सहसा धार देत नाही. वासराने दोन ढुसण्या दिल्या, गायीने त्याला चाटलं, की मिनिटाभरात सड टरारतात. दूध कासेत आधीपासूनच असतं, पण बरंचसं बारीक पिशव्यांत अडकलेलं. वासराच्या तोंडाचा स्पर्श मेंदूला कळतो, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं आणि पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळून दूध खाली उतरवतात. हा जोर काही मिनिटांचाच, म्हणून धार काढताना गप्पा नकोत. कुत्रं भुंकलं, काठी दिसली, की गाय बिथरते आणि पान्हा चोरते. चोरते असं आपण म्हणतो. तिच्या हातात काही नसतं.

विताना हेच रसायन मेंदूच्या आतही पाझरतं. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की व्याल्यावर पहिल्या तास-दोन तासांत मेंढी आपल्या कोकराचा वास धरून ठेवते. मग दुसऱ्याचं कोकरू आचळाशी आलं की ढुशी! माया आणि परकेपणा एकाच वेळी जागे होतात. 1979 साली अमेरिकेत, कधीही न व्यालेल्या उंदीर माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणी परक्या पिल्लांना चाटू लागल्या.

आता सुईचं. पूर्वी वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवत. आता काहीजण म्हशीला सरळ ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. ते कासेपर्यंत पोचतं, मेंदूत फारसं शिरत नाही. रोज टोचलं तर जनावर सुईवाचून पान्हवेनासं होतं. 2018 मध्ये केंद्राने खाजगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी घातली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला दवाखान्यात हेच औषध लागतं ना!

आणि बाळंतिणीचं? गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि काही घरांत आईचा चीक मात्र पिळून टाकतात, बाळाला मध चाटवतात. मला हे कधी उमगलेलं नाही. तासाभरात बाळ छातीशी लावावं. ते ओढू लागलं की आईच्या ओटीपोटात कळ येते, त्या कळेला घाबरू नये. गर्भाशय आवळतंय, रक्तस्राव कमी होतोय.