पानांचा पंचनामा
(उमरेड येथील उद्यानप्रेमी संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



वर्षाच्या उद्यानकार्याचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा प्रघात असल्याने तो मी लिहूनही आणला होता. परंतु मंडपाबाहेर बाटल्यांत उभे केलेले तांबडे गुलाब पाहिले आणि अनेक वर्षे दाबून ठेवलेली तक्रार आज दाखल केल्यावाचून राहवेना. आढाव्याचा कागद कार्यवाहांच्या दफ्तरी जमा करतो.

तक्रार अशी की, आपण बक्षीस फुलाला देतो, झाडाला देत नाही. पौषातल्या थंडीने रंग गडद झालेले एक फूल लांब दांड्यावर ताठ उभे राहिले की परीक्षक तृप्त होतात; ते ज्या झाडाचे, ते झाड भाद्रपदात काळ्या ठिपक्यांनी पर्णहीन झाले होते काय, आठवड्यागणिक फवारा मिळाल्याखेरीज ते तगत नव्हते काय, ही चौकशी कोणी करीत नाही. मग रोपवाटिकाही तशाच जाती विकणार. १९३५ सालच्या ‘क्रिमसन ग्लोरी’च्या मखमलीची आणि सुवासाची स्तुती करण्यात मी कोणाला हार जाणार नाही, पण तिच्या पानावर भुरी किती लौकर चढते, हे तिच्या स्तुतिपाठकांना विचारावे.

याउलट गेश्विंड या संकरकाराची १८९७ सालची ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’ पाहा. पंजाबात हिला ‘सुर्खा’ म्हणतात. चिनी गुलाबाच्या वंशामुळे ती वारंवार फुलते, ऊन सोसते. भुरी तिलाही येते, पण झाड पुन्हा पालवते. तिचा अपराध एवढाच की फूल मान खाली घालते, म्हणून प्रदर्शनातून ती बाद! जर्मनीत १९४८ पासून गुलाबांची शासकीय थाटाची परीक्षा चालते. झाड वर्षानुवर्षे जमिनीतच ठेवून जोखले जाते, आणि १९९७ पासून तर त्या काळात बुरशीनाशकाचा थेंबही दिला जात नाही. आपल्याकडे कात्रीने कापून आणलेला पुरावा तेवढा ग्राह्य!

सकाळच्या बैठकीत कलम की स्वमुळाचे झाड, यावर बराच कंठशोष झाला. महसूल खात्याच्या नोकरीत मी पुष्कळ परसे पाहिली; त्यांपैकी रेशीमकाठी धोतरे विणणाऱ्या येथल्याच एका कोष्टी कुटुंबाच्या परसात हा वाद माझ्यापुरता निकालात निघाला. तेथले विकत आणलेले कलम एका कडक उन्हाळ्यात डोळ्यापर्यंत वाळले, खालचा खुंट फुटला, आणि घरची माणसे त्या फिक्या, बारीक फुलांना कित्येक महिने भक्तिभावाने पाणी घालीत राहिली; शेजारी फांदी खोवून लावलेला तांबडा गुलाबही तसाच वाळला होता, पण तो बुडातून फुटला तो तांबडाच. कन्हार म्हणजे भारी काळ्या जमिनीत पावसाळी पाणी साचून मुळे कुजतात हे खरे. त्यासाठी मुरूम घालून वाफा उंच करावा, दोष झाडाच्या मुळावर ढकलू नये.

दुसरा वाद बोर्डो मिश्रणाचा व कडुलिंबाचा. मोरचूद-चुन्याच्या या मिश्रणाची कीर्ती १८८५ पासून द्राक्षमळ्यांतून पसरली, आणि मी ते वापरलेही आहे. परंतु काळ्या ठिपक्याचे बीजाणू रुजण्यास पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते, हे ज्याने जाणले तो या दोन्ही फवाऱ्यांआधी संध्याकाळी पानांवर नळी सोडणे बंद करील. माझ्या अंगणात पाणी सकाळी, बुडाशी, आणि गळलेली पाने त्याच दिवशी विस्तवात. मोरचुदाचा डबा फडताळात गंजत पडला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटणी करताना मधल्या आडव्या फांद्या काढल्या की वारा खेळतो, आणि दीड-दोन महिन्यांत फुले येतात. प्रतिपक्षाने आपापले फडताळ उघडून दाखवावे.

सबब माझी सूचना अशी की, पुढल्या वर्षी परीक्षा भाद्रपदात, झाडापाशी व्हावी. परीक्षकाने प्रथम बुडाजवळची पाने पाहावीत आणि पंचांसमक्ष पंचनामा करून मगच फुलाकडे नजर उचलावी. तालुक्यातील जुन्या तांबड्या झाडांची नोंदवहीही व्हावी; ती कोणी व कशी ठेवावी, ते कार्यकारी मंडळाने ठरवावे. परीक्षकांपैकी कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती माझ्या समक्ष, आत्ताच नोंदवावी. चहाला अजून अवकाश आहे.