पुरुषाच्या देहातील इस्ट्रोजेन

पुरुषाला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली की ॲरोमाटेज नावाचे विकर त्यातील काही अंश इस्ट्रोजेनमध्ये पालटते. चरबी जितकी अधिक, तितके हे काम अधिक. मग 'हा तर स्त्रीचा रस!' म्हणून तो रोखणारी गोळी कित्येक जण मागतात. आमचे सांगणे, थांबा! १९९४ साली अमेरिकेत २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेनचा परिणाम त्याच्या देहावर होतच नसे. उंची २०४ सेंटिमीटर, पण हाडे विरळ! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इस्ट्रोजेन रोखताच पुरुषांची चरबी वाढली, कामेच्छा मंदावली. तेव्हा स्तन दुखू वा फुगू लागल्यास डॉक्टरांकडून टेस्टोस्टेरॉनची मात्रा तपासून घ्यावी. केवळ अहवालातील आकड्याला भिऊन गोळी घेऊ नये. परका समजून ज्याला हाकलू पाहतो, तो घरचाच आहे.