व्हिसा कसला, ते आधी विचारा

(घरकामगार महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. आठवीपर्यंत शिकले, वीस वर्षं लोकांची धुणीभांडी केली. पण संघटनेच्या ताई म्हणाल्या, 'घडलं ते तुझ्याच तोंडून सांग.' म्हणून उभी राहिले आहे.

2018 साली नवरा वारला. दोन मुलं, डोक्यावर कर्ज. वस्तीतल्याच ओळखीच्या बाईने एक एजंट आणला. म्हणाला, 'मस्कतला दोन माणसांचं घर आहे. महिना 25,000, खाऊनपिऊन.' मंगळसूत्र मोडून 60,000 रुपये दिले. पावती मागितली तर हसला, 'ताई, विश्वास नाही का?' व्हिसा कसला हे मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

विमानतळावर 'दुबईला बहिणीकडे चाललेय' असं सांगायला त्याने पढवलं होतं. दुबईहून मोटारीने मस्कतला नेलं. घरात दोन नव्हे, अकरा माणसं. पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत काम. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. तीन महिन्यांनी पगार मागितला तर म्हणाली, 'तुझ्यासाठी मी पैसे मोजलेत. ते परत दे आणि जा.' तेव्हा कळलं, मी कामाला आले नव्हते, विकली गेले होते.

शेजारच्या घरातल्या केरळच्या ड्रायव्हरने आपल्या वकिलातीचा पत्ता दिला. एका सकाळी कचरा टाकायला म्हणून निघाले ती थेट तिथे गेले. आठ महिन्यांनी घरी परतले. गल्लीत कुणी विचारलं नाही की तो एजंट कुठे आहे. विचारलं ते एवढंच, 'तिकडे नेमकं काय करत होतीस?' लाज त्याला वाटायला हवी होती, मान खाली घालून चालत होते मी. त्या लाजेपायी वर्षभर तक्रार केली नाही. तेवढ्यात त्याने आणखी बायका पाठवल्या. याची खंत आजही आहे.

संघटनेत आल्यावर कायदा समजला. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी हवी. त्याचं नाव 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. नोंदणी असलेला एजंटही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. त्यांना आखातासह 18 देशांत नोकरीला जायला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. अशा बाईचं वय किमान 30 हवं, आणि 2016 पासून घरकामासाठी तिची भरती खाजगी एजंटाने नाही, तर सरकारी संस्थेमार्फत करायची असा नियम आहे. हे सगळं चुकवायला एजंट आपल्याला फिरायच्या व्हिसावर पाठवतो. मग सरकारच्या वहीत आपण कामगार म्हणून नसतोच. 10 लाखांचा प्रवासी विमाही मिळत नाही.

काही जण म्हणतात, बायकांना पाठवूच नका. मला हे पटत नाही. चूल पेटत नाही म्हणून बाई निघते. पुढचं दार बंद केलंत तर ती मागच्या दाराने जाईल, आणि तिथे एजंट उभाच आहे. दार उघडं ठेवा, पण उजेडात ठेवा.

म्हणून जाणारीने करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा. पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात. पैसे पावतीशिवाय देऊ नयेत. वकिलातीचा नंबर पाठ करावा. इथे सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800 11 3090.

मागच्या महिन्यात माझी भाची दुबईला जाते म्हणाली. मी 'जाऊ नको' म्हटलं नाही. तिच्या एजंटाला घरी बोलावलं, चहा टाकला आणि विचारलं, 'दादा, व्हिसा कसला? नोंदणी क्रमांक सांगा.'

तो चहा न घेताच गेला.