आपबीती आणि उपदेश



उपदेश हा प्रकार मुळात फारसा कोणाला रुचत नाही. पहाटे उठावे, काटकसरीने राहावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ऐकून सोडून देत आलो. परंतु तेच सांगणारा मनुष्य ‘माझ्यावर एकदा असा प्रसंग आला होता’ अशी सुरुवात करतो, तेव्हा आपण नकळत सरसावून बसतो. यशाचा मार्ग दाखविणारी जी पुस्तके आज दुकानांत ओळीने मांडलेली दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या लेखकांनी हे मर्म ओळखलेले आहे. प्रथम लेखकाचे दारिद्र्य, मग त्याला गवसलेली वाट, आणि तेथून पुढे वाचकाने पाळावयाचे नियम. आपबीती आणि उपदेश यांच्या या मिश्रणाविषयी आज मला थोडे बोलावयाचे आहे.

हा प्रकार नवा नाही. १८४५ च्या सुमारास इंग्लंडातील लीड्स शहरी काही कामकरी तरुण रात्री जमून एकमेकांना शिकवीत असत. जागेची अडचण पडली, तेव्हा पूर्वी पटकीच्या रोग्यांसाठी वापरलेली एक मोठी खोली त्यांनी भाड्याने घेतली. या तरुणांपुढे सॅम्युएल स्माइल्स यांनी जी व्याख्याने दिली, त्यांतून १८५९ साली ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक निर्माण झाले. साध्या घरांतून वर आलेल्या अनेक माणसांच्या कथा त्यात आहेत. मात्र लगेच एक आक्षेपही निघाला: जे अयशस्वी झाले, त्यांची चरित्रे कोठे आहेत? स्माइल्सने १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत या आक्षेपाला उत्तर दिले. नुसत्या अपयशाची कहाणी वाचून तरुणांचा धीर खचेल, असा त्याचा आशय होता. उत्तर समजण्याजोगे आहे. पण आक्षेप त्याने संपत नाही. तेच नियम पाळूनही ज्यांच्या पदरी काही पडले नाही, त्यांना पुस्तक लिहावयास कोणी सांगत नाही. त्यामुळे यशस्वी माणसाची साक्ष खरी असली, तरी ती एका बाजूची असते.

आता साक्षीदार स्वतःच उपदेशक होतो, तेव्हा काय घडते ते पाहू. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुद्रकाने, शास्त्रज्ञाने आणि मुत्सद्द्याने आपले आत्मचरित्र १७७१ साली लिहावयास घेतले, ते मुलाला उद्देशून. पुढे १७८४ साली, पॅरिसजवळ पासी येथे असताना, त्याने त्यात आपला प्रसिद्ध सद्गुणांचा तक्ता सांगितला. तेरा सद्गुण, आठवड्याचे सात रकाने, आणि चूक झाली की त्या घरात एक काळा ठिपका. दर आठवड्यास एका सद्गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे. म्हणजे वर्षात चार आवर्तने पुरी होतात. विद्यार्थिदशेत मीही हा तक्ता मोठ्या उत्साहाने वहीत आखला होता. पहिल्या आठवड्यातच वही ठिपक्यांनी भरून गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात मी ती ट्रंकेत तळाशी ठेवून दिली.

पुष्कळ वर्षांनी मूळ पुस्तक सावकाश वाचले, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. मी तक्ता घेतला होता आणि माणूस वगळला होता. सुव्यवस्था हा सद्गुण आपल्याला कधीच नीट साधला नाही, हे फ्रँकलिन तेथेच कबूल करतो. आपली यादी आधी बाराच सद्गुणांची होती. एका मित्राने आपला गर्विष्ठपणा दाखवून दिला, म्हणून विनम्रता मागाहून घातली, हेही तो सांगतो. विनम्रतेचे बाह्य रूप आपण बरेचसे मिळविले, पण आतली वस्तू हाती आली असे म्हणवत नाही, असा त्याचा कबुलीजबाब आहे. हे वाचले असते, तर वहीतल्या ठिपक्यांनी मी एवढा खचलो नसतो.

परंतु त्या पुस्तकातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपदेश तक्त्यात नाहीच. फ्रँकलिनचा फ्रान्सिस नावाचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीच्या रोगाने दगावला. देवीच्या फोडांतील द्रव्य निरोगी माणसाला टोचण्याची पद्धत त्या वेळी प्रचारात आली होती. फ्रँकलिन तिचा पुरस्कर्ताही होता. तरी मुलाला टोचावयाचे राहून गेले. अर्ध्या शतकानंतर, म्हातारपणी, ही जखम तो उघडी करतो, ती केवळ इतर आईबापांसाठी. टोचल्यामुळे मूल गेले तर आपण स्वतःला क्षमा करू शकणार नाही, या भीतीने पालक मागे सरतात. न टोचताही पश्चात्ताप तेवढाच वाट्याला येतो हे माझ्याकडे पाहून जाणा, आणि त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग निवडा, असे त्याचे सांगणे आहे. या उपदेशात मोठेपणाचा लवलेश नाही. त्याची किंमत सांगणाऱ्याने आधीच भरलेली आहे.

आपल्या मराठीतही याचा पडताळा मिळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून ते परीक्षेसाठी साताऱ्यास पायी गेले. वय पुरेसे असूनही अंगलट लहान, म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. चिकाटीवरचे दहा निबंध वाचून जे कळणार नाही, ते या एका निष्फळ पायपिटीने कळते. पण तेवढ्यावर थांबू नये. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली बाहेर आले, तेही शेजारी ठेवून वाचावे. ज्या त्यागाची जगाने थोरवी गायिली, त्या त्यागाने घरात काय ओढाताण झाली आणि ती कोणी निभावली, हे तेथे घरच्या भाषेत कळते. त्याने कर्व्यांचे थोरपण उणे होत नाही. ते कोणाकोणाच्या खांद्यावर उभे होते, एवढे दिसते.

म्हणून असे पुस्तक हाती आले, की त्याच्या जमाखर्चाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. लेखकाला काय साधले नाही, हे त्यात आहे काय? त्याला कोणी हात दिला, आणि त्याच्या यशासाठी कोणी सोसले, हे त्यात आहे काय? ते असेल, तर त्याचा उपदेश अवश्य ऐकावा. नसेल, तर ती आपबीती म्हणजे मालाला लावलेले रंगीत वेष्टन समजावे.

आणि नातवंडांसाठी चार आठवणी लिहून ठेवाव्यात असे ज्यांच्या मनात असेल, त्यांनाही हेच सांगावयाचे आहे. फ्रँकलिनने ज्या मुलाला उद्देशून लिहावयास घेतले, तो विल्यम अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या पक्षास राहिला. बापलेकांतील तो दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. आत्मचरित्र त्या काळापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ही गोष्ट त्यात नाही. ती लिहिली गेली असती, तर तक्त्याहून ती अधिक वाचली गेली असती, असे मला वाटते. आपण परीक्षेत पहिले आलो हे नातवंडांना भिंतीवरच्या तसबिरीवरून कळेलच. आपले कोठे चुकले, ते मात्र आपण लिहिले तरच त्यांना कळेल.