कोडं सुटलं आणि आम्ही गप्प झालो

हेडफोन लावलेत ना? आज एका शब्दकोड्याची गोष्ट सांगतो. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका!

आधी एक छोटी परीक्षा. क्लू ऐका: ‘चव घेणारी उलटली की पावसात खातात ती.’ दोन अक्षरं.

चव घेणारी म्हणजे जीभ. ‘उलटली’ म्हणजे उलटी वाचा. भजी! आता दुसरा: ‘गडबडीत विकता आलेली रचना.’ तीन अक्षरं. ‘विकता’ची अक्षरं गडबडून टाका. कविता!

यालाच क्रिप्टिक क्लू म्हणतात. एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात अक्षरांची चलाखी. वाक्य वाचताना जे वाटतं, ते नसतंच मुळी.

आता गोष्ट. इंग्लंडच्या ‘गार्डियन’मध्ये जॉन ग्रॅहम नावाचे पाद्री 1958पासून कोडी रचायचे, पुढे अरौकारिया या टोपणनावाने. अरौकारिया म्हणजे ‘मंकी पझल’ झाडाचं शास्त्रीय नाव. दुसऱ्या वर्तमानपत्रात त्यांचं नाव सिनेफाइल. त्याच झाडाला ‘चिली पाइन’ म्हणतात, आणि त्याची इंग्रजी अक्षरं हलवली की सिनेफाइल होतं. म्हणजे माणसाचं नावसुद्धा कोडंच!

त्यांचं 11 जानेवारी 2013चं, 25,842 क्रमांकाचं कोडं गेल्या पावसाळ्यात आम्ही सोडवायला घेतलं. आम्ही म्हणजे मी, माझी मावसबहीण आणि तिचे सासरे. ताई नर्स आहे, काका इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. तिघं तीन गावांत, कोड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर.

कोड्याच्या वर एक सूचना होती. साधारण अशी, की अरौकारियाला 19चा 18 झालाय आणि त्यावर 13-15 हा उपचार सुरू आहे. मला वाटलं, मस्त गंमत आहे! दोन दिवस आम्ही अडकलो. काका अक्षरं हलवून शब्द काढत होते, मी चौकटी मोजत होतो.

मग ‘स्टेंट’ आलं. ‘एंडोस्कोपी’ आलं. इतका वेळ नुसतं वाचत असलेल्या ताईने लिहिलं, “19 म्हणजे अन्ननलिका असेल. इंग्रजी शब्द बघ.”

मी भरून पाहिला. एक चौकट उरली. काकांचा लगेच व्हॉइस मेसेज, “अरे, ब्रिटिश कोडं आहे. त्यांचं स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होतं.” दहा अक्षरं बरोब्बर बसली.

18 मग सरळच होतं. आपल्याकडे कर्क राशी आणि कर्करोग, इंग्रजीत तर राशीला आणि आजाराला एकच शब्द. कॅन्सर. आणि 13-15? तेही ताईनेच सांगितलं. पॅलिएटिव्ह केअर. आजार बरा होत नाही तेव्हा वेदना कमी करायच्या, माणसाला आराम द्यायचा.

कोडं सुटलं होतं. पण ग्रुपवर कुणीच अंगठा टाकला नाही.

91 वर्षांच्या माणसाने आपल्या आजाराची बातमी कोड्यातून सांगितली होती. इतकी वर्षं ज्यांच्याशी क्लूमधूनच बोलला, त्यांना याच भाषेत सांगितलं. 26 नोव्हेंबर 2013 रोजी ते गेले.

बऱ्याच वेळाने ताईचा मेसेज आला, “वॉर्डात लोकांना ही बातमी घरी कशी सांगायची तेच कळत नाही. यांनी सांगितली बघ.”

मंडळी, त्या दिवशी मला एक कळलं. एकट्याने सोडवलं असतं, तर मी उत्तरं तपासून मोकळा झालो असतो. काकांमुळे स्पेलिंग जुळलं, ताईमुळे अर्थ कळला. म्हणून अडलात तर विचारा. मदत घेणं म्हणजे चीटिंग नाही.

जाता जाता गृहपाठ: ‘पानात वाटाणे, आत पोळी भाजायची सोय.’ दोन अक्षरं. नाही सुटलं तर आई-बाबांना, मित्रांना विचारा. अट एकच, उत्तर मिळालं की त्यांच्याशी दोन मिनिटं बोला.

भेटू पुढच्या भागात!