वणीत स्वागत

मुंबई-पुणे-नाशिकहून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ आणि दवाखाना एक दिवस बंद ठेवून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

सप्तशृंग गडाच्या वाटेवरच्या आमच्या वणीत आपले मनापासून स्वागत. देवीच्या दर्शनाला उद्या पहाटे जा. आज सभागृहातून कुणाची सुटका नाही.

आजच्या चर्चेसाठी दाह आणि मज्जातंतूंचा ऱ्हास हा विषय ठरला, तेव्हा ‘वणीत एवढं जड कशाला?’ असे काहींनी विचारले. माझे उत्तर होते, कुष्ठरोग. सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुराच्या हातून कात्री निसटू लागते, करंगळी बधिर होते, कोपरामागची नस दाबली की तो कळवळतो. त्या नसेचे बरेचसे नुकसान जंतूंविरुद्ध उठलेली त्याचीच प्रतिकारशक्ती करत असते. म्हणून तर एमडीटीचा, म्हणजे बहुऔषधी उपचाराचा, कोर्स पुरा झाला, जंतू मेले, तरी नंतर रिअ‍ॅक्शन येऊन हात वाकडा होऊ शकतो. नस निकामी होऊ लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले तर नस सावरण्याची आशा असते. पुढे उरते शस्त्रक्रिया. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया असे हात दुरुस्त करत आणि त्या नसांवर संशोधनही करत.

पण दाह म्हणजे स्टेरॉइड, इतके हे सोपे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियान-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. इथेही प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते, पण नुसत्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते किंवा प्लाझ्मा बदलावा लागतो. अल्झायमरचे कोडे याहून अवघड. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींशी संबंधित ट्रेम-२ जनुकातल्या काही बदलांनी या आजाराचा धोका वाढतो, हे २०१३ साली पुढे आले. दाहाचा हात आहे म्हणावे, तर नॅप्रोक्सेनसारख्या दाहशामक गोळ्यांनी आजार टळतो का हे तपासून झाले, आणि टळला नाही. आधी दाह की आधी ऱ्हास, यावर आज वाद होणार. जरूर घाला, चहाची सोय भरपूर आहे.

वक्त्यांना यजमान म्हणून एकच विनंती. शेवटची पाच मिनिटे एमआरआय नसलेल्या दवाखान्यासाठी राखून ठेवा. कोणते लक्षण दिसले की वाट पाहायची नाही आणि रुग्णाला त्याच दिवशी नाशिकला धाडायचे, तेवढे आम्हांला स्पष्ट सांगून जा.